लीगमध्ये संघ सातच उरले तर? विषम आकड्याचं वेळापत्रक कसं लावतात आणि अन्याय नेमका कुठे होतो?

आयपीएलचं वेळापत्रक जाहीर झालं की सोशल मीडियावर एक वाद ठरलेला असतो. आमच्या टीमला सलग बाहेरच्या मॅच का? तगड्या टीमशी आम्ही दोनदा खेळणार आणि ते एकदाच, असं कसं? थोड्या वेळाने कोणीतरी 'सगळं सेटिंग आहे' असं लिहून मोकळं होतं.

हाच वाद छोट्या प्रमाणावर गल्लोगल्ली होतो. सोसायटीच्या बॉक्स क्रिकेट लीगसाठी आठ संघ नावं देतात. फी भरायची तारीख उलटते तेव्हा सातच उरतात. आता काय करायचं? एकाला बाहेर काढायचं, उसना आठवा संघ उभा करायचा, की सरळ दोन गट पाडायचे? निर्णय घाईघाईत होतो, त्यात एखादा संघ बाहेर पडतो आणि पुढच्या वर्षीपर्यंत टोमणे चालू राहतात.

खरं सांगायचं तर विषम आकडा दिसतो तितका वाईट नाही. सात किंवा नऊ संघांची लीग अगदी समतोल भरवता येते. अन्याय होतो तो दुसऱ्याच कारणांमुळे, आणि दहा-बारा संघांच्या 'सम' लीगही त्यातून सुटत नाहीत. कसं ते पाहू.

एक संघ वाढला की किती सामने वाढतात?

प्रत्येक संघाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, याला राउंड रॉबिन म्हणतात. आपल्याकडे साखळी सामने हा शब्द जास्त चालतो. हिशेब सोपा आहे. संघांची संख्या घ्या, तिला एकने कमी असलेल्या संख्येने गुणा आणि दोनने भागा. सात संघ असतील तर ७ गुणिले ६ भागिले २, म्हणजे २१ सामने. आठ संघ असतील तर २८. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं असेल तर हे आकडे दुप्पट होतात. प्रो कबड्डीच्या २०१९च्या हंगामात १२ संघ एकमेकांशी दोनदा खेळले, म्हणून साखळीतच १३२ सामने झाले.

नवा संघ आला की आधीच्या प्रत्येक संघाचा एकेक सामना वाढतो. १९९२च्या क्रिकेट विश्वचषकात हेच झालं. वर्णभेदाच्या धोरणामुळे बाहेर असलेल्या दक्षिण आफ्रिकेला १९९१मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परत घेतलं गेलं आणि विश्वचषकातल्या संघांची संख्या नऊ झाली. आठ संघांना साखळीत २८ सामने पुरले असते, नऊ संघांना ३६ लागले. प्रत्येक संघ आठ सामने खेळला. संघ विषम होते, तरी सगळे सगळ्यांशी खेळले.

सात संघांचं वेळापत्रक लावायचं कसं?

संघ सात असले की एका वेळी तीन सामने होतात आणि एक संघ मोकळा राहतो. या मोकळ्या फेरीला 'बाय' म्हणतात. युक्ती अशी की आठवा संघ आहे असं समजायचं आणि त्याचं नाव ठेवायचं 'सुट्टी'. ज्याचा सामना 'सुट्टी'शी, तो त्या फेरीत घरी.

आता संगीत खुर्ची आठवा. चार-चार खुर्च्यांच्या दोन रांगा समोरासमोर मांडा. वरच्या रांगेत डावीकडून सुट्टी, १, २, ३. खालच्या रांगेत डावीकडून ७, ६, ५, ४. जे समोरासमोर बसले त्यांचा सामना. फेरी संपली की 'सुट्टी'ने जागचं हलायचं नाही, बाकी सगळ्यांनी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एकेक खुर्ची सरकायचं. असं सात वेळा केलं की काम झालं.

खालच्या यादीत प्रत्येक जोडीत पहिला आकडा यजमान संघाचा आहे. यजमान कोण हे खुर्च्यांवरून ठरत नाही, ते वेगळं ठरवावं लागतं. ते असं का ठरवलंय, ते पुढे कळेल.

पहिली फेरी: १-६, ५-२, ३-४. सुट्टी ७ला.
दुसरी फेरी: ७-५, ४-१, २-३. सुट्टी ६ला.
तिसरी फेरी: ६-४, ३-७, १-२. सुट्टी ५ला.
चौथी फेरी: ५-३, २-६, ७-१. सुट्टी ४ला.
पाचवी फेरी: ४-२, १-५, ६-७. सुट्टी ३ला.
सहावी फेरी: ३-१, ७-४, ५-६. सुट्टी २ला.
सातवी फेरी: २-७, ६-३, ४-५. सुट्टी १ला.

मोजून पाहा. २१ सामने, एकही जोडी दोनदा नाही, एकही जोडी सुटलेली नाही. प्रत्येकाला एक सुट्टी. एका रविवारी तीन सामने घेतले तर सात रविवारांत लीग संपते. बुद्धिबळाच्या स्पर्धांमध्ये याच जातीचे तक्ते वर्षानुवर्षं वापरले जातात. ऑस्ट्रियन बुद्धिबळपटू योहान बर्गर यांच्या नावावरून त्यांना बर्गर तक्ते म्हणतात.

विषम आकड्याचा एक फायदाही आहे

वरच्या यादीत कोणताही एक संघ निवडा आणि त्याचे सामने क्रमाने वाचा. १ नंबरचा संघ घरी, बाहेर, घरी, बाहेर, घरी, बाहेर असा खेळतो. ७ नंबरचाही तसाच. सातही संघांचं हेच आहे. प्रत्येकाचे तीन सामने घरी, तीन बाहेर आणि सलग दोन घरचे किंवा सलग दोन बाहेरचे सामने कोणालाच नाहीत.

आठ संघांमध्ये हे कितीही डोकं लावलं तरी जमत नाही. कारण साधं आहे. घरी-बाहेर काटेकोर आलटून-पालटून खेळायचं तर दोनच प्रकार उरतात. एक तर सुरुवात घरून करायची, नाहीतर बाहेरून. आता समजा दोन संघांनी घरून सुरुवात केली. मग दोघेही एकाच दिवशी घरी असणार आणि एकाच दिवशी बाहेर. म्हणजे त्यांचा एकमेकांशी सामना कधी होणारच नाही. त्यामुळे एका प्रकारात एकच संघ बसू शकतो. दोन प्रकार, दोन संघ. उरलेल्या सहा संघांना निदान एकदा तरी सलग दोन सामने घरी किंवा सलग दोन बाहेर खेळावेच लागतात.

म्हणजे सम संघांच्या लीगमध्ये तुमच्या आवडत्या टीमला सलग दोन बाहेरचे सामने आले, तर त्यामागे कोणाचा हात असेलच असं नाही. बहुतेक संघांच्या वाट्याला ते येणारच असतात. विषम संघांच्या लीगमध्ये मधली सुट्टीच ही अडचण सोडवते.

मग विषम संख्येत गडबड कुठे होते?

सुट्टी प्रत्येकाला एकदाच मिळते, त्यामुळे ती मिळण्यात अन्याय नाही. प्रश्न आहे ती कधी मिळते याचा.

पहिली अडचण गुणतालिकेची. संघ विषम असले की हंगाम चालू असताना सगळ्यांचे खेळलेले सामने बहुतेक वेळा सारखे नसतात. २०२४-२५च्या इंडियन सुपर लीगमध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग आल्यावर संघ १३ झाले. प्रत्येकाने २४ सामने खेळायचे होते, एकूण १५६. अशा लीगमध्ये एखाद्या आठवड्यात तुमचा संघ खाली घसरलेला दिसतो तो कधी कधी फक्त बाकीच्यांचा एक सामना जास्त झालाय म्हणून. तालिकेचा स्क्रीनशॉट टाकून भांडण्याआधी 'खेळलेले सामने' हा रकाना बघायला हवा. ही अडचण शेवटच्या फेरीनंतर आपोआप मिटते.

दुसरी अडचण मिटत नाही. शेवटच्या फेरीत कोणीतरी मोकळं असणारच. वरच्या यादीत तो संघ आहे १. त्याचे सगळे सामने संपलेत, गुण ठरलेत. बाकीचे सहा संघ मैदानात उतरतात तेव्हा १च्या पुढे जायला काय लागतं हे त्यांना नेमकं माहीत असतं. क्रिकेटमध्ये तर किती षटकांत धावा केल्या की नेट रनरेट पुढे जाईल, इथपर्यंत हिशेब मांडता येतो. आणि दोघांना सोयीचा निकाल एकच असेल, तर मोकळा संघ प्रेक्षकांत बसून फक्त बघू शकतो.

असं जगासमोर घडलंय. १९८२चा फुटबॉल विश्वचषक, स्पेनमधलं हिहोन शहर. अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला हरवून खळबळ उडवली होती. गटातले त्यांचे सगळे सामने २४ जूनला संपले. दुसऱ्या दिवशी पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा सामना होता. जर्मनी एक किंवा दोन गोलांनी जिंकली तर दोघेही पुढे जाणार आणि अल्जीरिया बाहेर, हे दोन्ही संघांना ठाऊक होतं. जर्मनीने सुरुवातीलाच गोल केला आणि पुढे दोन्ही संघ चेंडू इकडून तिकडे ढकलत राहिले. निकाल १-०. अल्जीरिया बाहेर पडला. नियम मोडला नव्हता, त्यामुळे निकाल कायम राहिला. १९८६च्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी खेळवायला सुरुवात झाली.

त्या गटात संघ चार होते, म्हणून हा उपाय तरी चालला. गटात तीनच संघ असतील तर शेवटच्या सामन्याला एक संघ बाहेर बसलेलाच असतो. ४८ संघांच्या २०२६च्या विश्वचषकासाठी 'फिफा'ने आधी तीन-तीन संघांचे १६ गट ठरवले होते. संगनमताची शक्यता पुन्हा डोकं वर काढेल अशी टीका झाली. शेवटी मार्च २०२३मध्ये बेत बदलला आणि चार-चार संघांचे १२ गट ठरले. त्यासाठी स्पर्धेतले सामने ८०वरून १०४वर गेले. न्यायाची किंमत २४ जादा सामने.

कोणानंतर कोणाशी गाठ पडते?

वेळापत्रकात एक असमतोल असा असतो की तो पटकन दिसत नाही. वरच्याच यादीत ४ नंबरचा संघ पाहा. त्याचे सामने क्रमाने ३, १, ६, २, ७ आणि ५ यांच्याशी आहेत. यातले १, २, ७ आणि ५ हे चौघेही ४शी खेळण्याच्या आधीच्या फेरीत ६शी खेळून आलेत.

समजा ६ हा लीगमधला सगळ्यात तगडा संघ आहे आणि खेळ कबड्डीचा आहे. त्याच्याशी झुंजून आलेला संघ दमलेला असतो. कोणाचा गुडघा दुखावलेला असतो, कोणाचा आत्मविश्वास गेलेला असतो. सहापैकी चार वेळा ४ला असाच प्रतिस्पर्धी मिळतो. हा संगीत खुर्चीच्या पद्धतीतला दोष आहे. सगळे एकाच दिशेने सरकतात, त्यामुळे ६च्या मागोमाग ४ हाच क्रम पुन्हा पुन्हा येतो.

उपाय सोपा आहे. सात फेऱ्या तशाच ठेवायच्या, फक्त त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून बदलायचा. जोड्या तुटत नाहीत, सुट्ट्याही प्रत्येकी एकच राहतात. पण एक गाठ सुटली की दुसरी बसते. क्रम बदलला की घरी-बाहेरचं आलटून-पालटून चालणारं चक्र मोडतं. सगळे सामने एकाच टर्फवर होत असतील तर घर-बाहेरचा प्रश्नच नाही, खुशाल क्रम बदला. शहरोशहरी प्रवास करणाऱ्या लीगला मात्र काय सोसायचं ते निवडावं लागतं.

आयपीएलचे संघ तर दहा आहेत, मग अडचण काय?

दहा हा सम आकडा आहे, पण कॅलेंडरसाठी अवघड आहे. दहा संघ एकमेकांशी दोनदा खेळले तर साखळीतच ९० सामने होतात. २०२२पासून दहा संघांची आयपीएल साखळीत ७० सामने खेळवते, प्रत्येकी १४. नऊ प्रतिस्पर्धी आणि १४ सामने म्हणजे पाच संघांशी दोनदा आणि चौघांशी एकदाच. दोनदा कोणाशी, एकदा कोणाशी, इथेच सगळी मेख आहे.

२०२२मध्ये आधीची जेतेपदं आणि अंतिम फेऱ्या पाहून संघांना क्रमांक दिले आणि पाच-पाचचे दोन गट केले. आपल्या गटातल्या चौघांशी दोनदा, दुसऱ्या गटात आपल्यासमोर असलेल्या संघाशी दोनदा आणि उरलेल्या चौघांशी एकदा, असा नियम होता. मुंबई आणि चेन्नई वेगवेगळ्या गटांत होते, तरी समोरासमोर असल्याने दोनदा भिडले. २०२३मध्ये नियम उलटा केला. दुसऱ्या गटातल्या पाचही संघांशी दोनदा आणि आपल्या गटातल्या चौघांशी एकदा. त्या वर्षीही मुंबई आणि चेन्नई वेगळ्या गटांत होते, म्हणून सामने पुन्हा दोन.

याचा फरक पडतो का? २०२४ची गुणतालिका आठवा. बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि लखनौ या चौघांचे गुण सारखेच होते, १४. चौथी जागा नेट रनरेटवर बंगळुरूला मिळाली. या चौघांचं वेळापत्रक तंतोतंत सारखं नव्हतं. इतक्या अटीतटीच्या शर्यतीत कोण कोणाशी एकदा खेळलं आणि कोण दोनदा, याला वजन येतंच. त्यात कोणी लबाडी केली असं नाही. ९० सामन्यांचं काम ७० सामन्यांत उरकलं की कोणाला तरी सोपा आणि कोणाला तरी अवघड पेपर येणार.

आता आयपीएलच्याच इतिहासातली एक गोष्ट. २०११मध्येही संघ दहा होते आणि साखळी सामने ७०. कोचीचा संघ एका हंगामातच बाद झाला आणि २०१२मध्ये नऊ संघ उरले, पुणे वॉरियर्स त्यातला एक. त्या वर्षी प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं ठरलं. प्रत्येकी १६, एकूण ७२ साखळी सामने. संघ कमी झाला आणि सामने दोनने वाढले! २०१३मध्येही तेच. वेळापत्रकापुरतं बोलायचं तर 'विषम' नऊ संघांची आयपीएल 'सम' दहा संघांच्या आयपीएलपेक्षा जास्त समतोल होती.

समतोल राखण्याचा आणखी एक प्रयत्न महाराष्ट्राने जवळून पाहिला. २०२२मध्ये कोरोनामुळे सगळे साखळी सामने वानखेडे, ब्रेबॉर्न, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील आणि पुण्याजवळचं गहुंजे या चार मैदानांवर ठेवले गेले. मूळ वेळापत्रकात प्रत्येक संघाला वानखेडे आणि डी. वाय. पाटीलवर चार-चार, तर ब्रेबॉर्न आणि गहुंजेवर तीन-तीन सामने दिले होते. मुंबई इंडियन्सलाही यापेक्षा जास्त नाही.

बाकीच्या लीग काय करतात?

स्कॉटलंडच्या फुटबॉल प्रीमियरशिपमध्ये १२ संघ आहेत. दोनदा खेळवले तर २२ सामने, ते फार कमी. चारदा खेळवले तर ४४, ते फार जास्त. म्हणून तीनदा खेळवतात, म्हणजे ३३. मग वरचे सहा आणि खालचे सहा असे दोन भाग पाडून प्रत्येकी आणखी पाच सामने होतात. एकूण ३८. यात सामन्यांची संख्या सारखी राहते, पण तीन सामन्यांपैकी दोन कोणाच्या घरी, हा प्रश्न उरतोच.

कसोटी क्रिकेटच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत नऊ संघ आहेत. प्रत्येकाला आठ प्रतिस्पर्धी, पण मालिका खेळायच्या फक्त सहा, तीन घरी आणि तीन बाहेर. म्हणजे दोन संघांशी गाठच नाही. भारत-पाकिस्तान मालिका होत नाही ती याच फटीतून निसटते. मालिकेतल्या कसोटींची संख्याही सारखी नसते. २०२३-२५च्या चक्रात इंग्लंडने २२ कसोटी खेळल्या, दक्षिण आफ्रिकेने फक्त १२. म्हणून क्रमवारी मिळवलेल्या गुणांच्या टक्केवारीवर लागते.

टक्केवारीने संख्येतला फरक भरून निघतो. प्रतिस्पर्ध्यांमधला फरक भरून निघत नाही. त्या चक्रात दक्षिण आफ्रिकेच्या वाट्याला ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड आलेच नाहीत, त्यावरून बरीच टीका झाली. मग जून २०२५मध्ये लॉर्ड्सवर त्यांनी अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियालाच हरवलं आणि विषय तिथे थांबला. वेळापत्रक मात्र असमतोल होतं ते होतंच.

युरोपातल्या चॅम्पियन्स लीगने २०२४-२५पासून वेगळी वाट धरली. ३६ संघांची एकच तालिका आणि प्रत्येकी आठ सामने. ताकदीनुसार संघांचे चार भाग केलेत आणि प्रत्येकाला प्रत्येक भागातले दोन-दोन प्रतिस्पर्धी मिळतात. प्रतिस्पर्धी वेगळे असले तरी त्यांचा दर्जा ढोबळमानाने सारखा राहावा, हा हेतू.

वेळ कमी आहे, सातचे दोन गट पाडले तर?

गल्लीतल्या लीगमध्ये हा शॉर्टकट सर्रास वापरतात. चारचा एक गट, तीनचा एक, आणि प्रत्येक गटातले पहिले दोन उपांत्य फेरीत. २१ सामन्यांऐवजी ९ सामन्यांत काम होतं. पण हिशेब करून बघा. तीनच्या गटात तिघांपैकी दोन पुढे जातात, चारच्या गटात चौघांपैकी दोन. एका गटात पुढे जायची संधी सरासरी ६७ टक्के, दुसऱ्यात ५० टक्के. एकाही चेंडूचा खेळ व्हायच्या आधी हा फरक पडलेला असतो. शिवाय तीनच्या गटात हिहोनसारखा प्रकार व्हायची वाट मोकळी.

मग सातही संघांना एकाच तालिकेत ठेवून प्रत्येकी तीन सामने द्यावेत का? ते शक्यच नाही. सात संघांचे तीन-तीन म्हणजे २१ हजेऱ्या होतात. एका सामन्यात दोन संघ लागतात आणि २१चे दोन सारखे भाग होत नाहीत. संघ विषम असतील तर प्रत्येकाच्या सामन्यांची संख्या समच असावी लागते. कसोटीच्या नऊ संघांना सहा-सहा मालिका जमतात, पाच-पाच किंवा सात-सात जमल्या नसत्या.

सात संघांना चार-चार सामने मात्र छान बसतात. चिठ्ठ्या टाकून सातही नावं एका वर्तुळात लिहा. प्रत्येकाने आपल्या उजवीकडच्या दोघांशी आणि डावीकडच्या दोघांशी खेळायचं. एकूण १४ सामने, तालिका एकच आणि पहिले चार पुढे. प्रतिस्पर्धी सगळ्यांचे सारखे नाहीत, पण ते चिठ्ठीने ठरलेत आणि सामने सगळ्यांचे सारखेच.

मध्येच एखादा संघ बाहेर पडला तर?

पैसे संपतात, खेळाडू गावी जातात, दोन संघांत भांडण होतं. सातचे सहा होतात. बाहेर पडलेल्या संघाशी ज्यांचा सामना झाला आणि ते हरले, ते म्हणतात निकाल रद्द करा. जे जिंकले, ते म्हणतात गुण आमचे. ज्यांचा सामना व्हायचा होता, ते 'पुढे चाल' मागतात.

साखळी पद्धतीच्या बुद्धिबळ स्पर्धांत यासाठी एक नियम आहे. माघार घेणाऱ्याने निम्म्यापेक्षा कमी डाव खेळले असतील तर त्याच्याविरुद्धचे गुण अंतिम क्रमवारीत धरत नाहीत. निम्मे किंवा जास्त झाले असतील तर निकाल कायम राहतात आणि उरलेल्या डावांचे गुण समोरच्यांना मिळतात. हाच नियम कोणत्याही लीगला लावता येतो. अट एकच, तो पहिल्या सामन्याआधी ठरलेला असावा. नंतर ठरवलेला कोणताही नियम कोणाच्या तरी बाजूचा दिसतो.

थोडक्यात, लीग भरवणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

- संघ विषम असतील तर घाबरून उसना संघ आणू नका. 'सुट्टी' नावाचा संघ धरा आणि खुर्च्या फिरवा.
- कोणाला कोणता नंबर, हे सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवा. शेवटच्या फेरीची सुट्टी कोणाला, हेही त्यातच ठरतं.
- एकच मैदान असेल तर फेऱ्यांचा क्रमही चिठ्ठीनेच लावा.
- शेवटच्या फेरीतले सामने शक्य तितके एकाच वेळी घ्या. मैदान एकच असेल तर त्या दिवशीचा क्रम आधीच जाहीर करा.
- गुण सारखे झाले तर काय, संघ बाहेर पडला तर काय, पाऊस आला तर काय, हे स्पर्धेआधी लिहून ग्रुपवर टाका.

वेळ, मैदान आणि पैसा मर्यादित असला की कोणाला तरी थोडं कमी-जास्त मिळणारच. ते कोणाला मिळणार हे चिठ्ठीने ठरलं की आयोजकांच्या मर्जीने, आणि पहिल्या सामन्याआधी ठरलं की नंतर, एवढंच बघायचं असतं. पुढच्या वेळी वेळापत्रक हातात आलं की 'सेटिंग आहे' लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासा. सगळ्यांचे सामने सारखे आहेत का? कोण कोणाशी दोनदा खेळणार, हे कोणत्या नियमाने ठरलं? आणि शेवटच्या दिवशी कोण घरी बसणार आहे? या तीन प्रश्नांची उत्तरं आधीच जाहीर झालेली असतील, तर हरलेल्या संघाला निदान वेळापत्रकाला दोष देता येत नाही.